मेंदू वाचवणारी टोपी, म्हणे! दोन तारे

पाचपैकी दोन तारे. एक शिवणीचा आणि एक टोपी घेऊन आलेल्या पोराचा. आमच्या गावात कुरिअर येत नाही, तरी तो बिचारा दर्यापूरहून फाट्यापर्यंत आला आणि निंबाखाली अर्धा तास थांबला. उशीर माझाच. त्यानं सकाळी फोन केला होता, मी "हो हो, येतो" म्हणालो आणि विसरून वावरात निघून गेलो. या विसरण्याचं पुढं येईलच, टोपी त्याच्याचपायी घेतली.

वस्तू अशी: डोक्याला बांधायची फोमची काळी टोपी, रग्बीवाले घालतात तसली. हनुवटीखाली चिकटपट्टी, मागं नाडी, कानाला भोकं. किंमत १,१४९ रुपये. फोम मी पट्टी लावून मोजला, जेमतेम एक सेंटीमीटर. डब्यावर निळ्या उजेडात चमकणाऱ्या मेंदूचं चित्र आणि खाली इंग्रजीत लिहिलेलं, मेंदूला संपूर्ण संरक्षण. कंपनीचं नाव लिहीत नाही. चार-पाच नावांनी मिळणाऱ्या या टोप्या एकाच साच्यातल्या दिसतात, आणि माझं भांडण त्या डब्यावरच्या वाक्याशी आहे.

घेतली पुतण्यासाठी. सोळा वर्षांचा आहे, अकरावीत, आणि कबड्डीत डाव्या कोपऱ्यावर उभा राहतो. ती जागा आमच्या मंडळात तेरा वर्षं माझी होती, १९९६ ते २००९. कोपऱ्यावरच्या गड्याचं काम रेडरचा, म्हणजे चढाईला आलेल्या गड्याचा, घोटा धरायचं. म्हणजे तुम्ही जमिनीकडं झेपावता, डोकं सगळ्यात पुढं, आणि समोरचा सुटायला पाय झाडतो. त्याचा गुडघा आणि तुमचं कानशील एका उंचीवर येतं. त्यातून वाचलात तर मागून साखळीतला आपलाच गडी येऊन पडतो, त्याचं टाळकं तुमच्या टाळक्यावर. आता ठिकठिकाणी मॅट आली. आमच्या वेळी माती होती, आणि खारपाणपट्ट्यातली ही काळी माती जानेवारीत विटेसारखी कडक होते. रात्री पाणी मारलं तरी सकाळी ढेकूळ ते ढेकूळच.

कबड्डीचा आम्हाला अभिमान आहे हे आधी सांगून ठेवतो, नाहीतर लोक म्हणतील म्हातारा झाला तसा खेळाच्या मागं लागला. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या गड्यांनी १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी हा खेळ करून दाखवला, ही गोष्ट आमच्याकडं शाळेत जायच्या आधी कानावर पडते. पुतण्यानं खेळू नये असं मला कधीच वाटलं नाही. म्हणून तर टोपी घेतली.

मला डोक्याला किती मार बसले ते मला आठवत नाही. मुलगी अमरावतीला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिनं माझ्या मायला, बायकोला आणि मंडळातल्या दोन जुन्या गड्यांना विचारून यादी केली. सहा निघाले. पहिला १९९७ चा, अंजनगाव सुर्जीकडच्या एका गावी खुल्या सामन्यात. रेडरचा गुडघा उजव्या कानशिलावर बसला. मला माइकवरच्या माणसाचा आवाज आठवतो आणि त्यानंतर एकदम घरची बाज. मधलं सगळं, ट्रॅक्टरची ट्रॉली, बक्षिसाचा स्टीलचा डबा, हे दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलेलं. मी पडून लगेच उठलो म्हणे, आणि नंतर दोन पकडीही केल्या. कुणी कांदा फोडून नाकाशी धरला, कुणी डोक्यावर बादली ओतली, कुणी म्हणालं, "काही नाही होत त्याले, वाघ हाय तो." माय सांगते, त्या रात्री मी तिला चार वेळा विचारलं, "माय, मी जेवलो का?" तिनं चारही वेळा वाढलं.

तेव्हा आमचा समज असा की बेशुद्ध पडला तरच डोक्याला लागलं. हे साफ चूक आहे. अशा माराला डॉक्टर कन्कशन म्हणतात आणि त्यातले बहुतेक लोक बेशुद्ध पडतच नाहीत. उठतात, खेळतात, नुसते थोडे चुकल्यासारखे वागतात. पाचव्या वेळी मी एसटीत घरापर्यंत ओकत आलो आणि दुसऱ्या दिवशी जाऊन खेळलो, कारण फायनल होती.

आता माझं वय ४६. लग्नात डीजे लागला की मी मांडवाच्या मागं जाऊन बसतो, डोकं फुटतंय असं वाटतं. मोबाइलवर दहा मिनिटं वाचलं की डोळ्यांसमोर अक्षरं हलतात, म्हणून हे जे काही मी सांगतोय ते मुलीनं सुटीत रात्री वाचून दाखवलेलं आहे, आणि हा मजकूरही मी बोललो, तिनं टाइप केला. वाकून कापूस वेचताना भोवळ येते. दोन वर्षांमागं पंपात तणनाशक टाकलं, पाणी आणायला गेलो, परत येऊन पुन्हा टाकलं. पऱ्हाटीच्या सहा ओळी करपल्या. ते झाकता येत नाही, रस्त्याच्या कडेचं वावर आहे. आणि राग. एकदा वरणात मीठ जास्त झालं म्हणून ताट भिंतीवर फेकलं. धाकटा चुलीमागं जाऊन बसला होता. ते मात्र मला चांगलं आठवतं.

हे सगळं त्या सहा मारांमुळंच, असं मी म्हणत नाही. कर्ज आहे, झोप नाही, मधली काही वर्षं मी पीतही होतो. अमरावतीच्या मेंदूच्या डॉक्टरांनीही असंच सांगितलं. सीटी स्कॅन, एमआरआय दोन्ही स्वच्छ आले तेव्हा मी खूश झालो, तर ते म्हणाले, "भाऊ, स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, हाड मोडलेलं दिसतं, गाठ दिसते. ताणलेले धागे दिसत नाहीत." मग झोपेची वेळ, दारू बंद, रक्तदाब, डोकेदुखीची गोळी, तोल सांभाळायचे व्यायाम, रोज चालणं, असं लिहून दिलं. मी म्हटलं, एवढंच? ते म्हणाले, एवढंच, पण रोज. खरं सांगतो, सहा महिन्यांत डोकेदुखी अर्ध्यावर आली. विसरणं आहे तिथंच आहे.

धागे म्हणजे काय, ते मुलीनं समजावलं. मेंदूच्या पेशींना लांब लांब तंतू असतात, तंतूंच्या आत बारीक नळ्या, आणि त्या नळ्यांना धरून ठेवणारं एक प्रथिन, टाऊ. मला ती कडब्याची पेंढी वाटली आणि टाऊ म्हणजे तिचा बंध. डोकं झटक्यानं फिरलं की तंतू ताणतात. असं पुन्हापुन्हा झालं की काहींच्या मेंदूत बंध सुटतात, पेंढी विस्कटते, आणि सुटलेले बंध गुंता होऊन तिथंच पडतात. मेंदूला ज्या घड्या असतात ना, त्यांच्या तळाशी, बारीक रक्तवाहिन्यांच्या भोवती हे गुंते सापडतात. या आजाराचं नाव क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपॅथी, थोडक्यात सीटीई. खेळ सोडल्यावर कित्येक वर्षांनी तो डोकं वर काढतो: आधी चिडचिड, उदासी, विसरभोळेपणा, पुढं पुढं डिमेन्शिया.

गोष्ट नवीही नाही. अमेरिकेत हॅरिसन मार्टलंड नावाच्या डॉक्टरनं १९२८ साली लिहून ठेवलं की बॉक्सर लोक पुढं दारू न पिता झिंगल्यासारखे चालतात. मग माइक वेबस्टर हा तिकडच्या, म्हणजे अंगावर आदळून खेळायच्या अमेरिकन फुटबॉलचा मोठा खेळाडू २००२ साली वारला, त्याचा मेंदू बेनेट ओमालू या डॉक्टरनं तपासला आणि २००५ साली ते छापून आलं. पण माझ्या मनात घर करून राहिला तो इंग्लंडचा जेफ ॲसल. तो साधा फुटबॉल खेळायचा, डोक्यानं चेंडू मारण्यात पटाईत. ५९ व्या वर्षी, २००२ सालीच, वारला. चौकशीत त्याचं मरण धंद्यातून आलेला आजार म्हणून नोंदलं गेलं, आणि २०१४ साली मेंदू पुन्हा तपासला तेव्हा सीटीई निघाला. त्याला नुसता चेंडू लागत होता, हजारो वेळा. म्हणजे आम्ही ज्याला मार म्हणतच नाही, सरावात रोज दहा-बारा वेळा लागणारं ते "टक्", त्याचाही हिशोब कुठंतरी होत असतो.

हे वाचून घाबरू नका. बोस्टनच्या संशोधकांनी २०१७ साली छापलं की अमेरिकन व्यावसायिक फुटबॉलमधल्या १११ खेळाडूंच्या मेंदूंपैकी ११० मध्ये सीटीई होता. मुलीनं हे वाचलं तेव्हा मी बाजेवरून उठून बसलो. मग तिनं पुढचं वाचलं: ते मेंदू घरच्यांनी दान केलेले होते, आणि माणूस बिघडलेला दिसला म्हणूनच बहुतेकांनी दान केले. सगळ्या खेळाडूंत एवढं प्रमाण असतं असा त्याचा अर्थ होत नाही. शिवाय हा आजार मेल्यावर मेंदू कापून पाहिल्याशिवाय पक्का कळत नाही. मी डॉक्टरांना विचारलं होतं, मला आहे का? त्यांनी खांदे उडवले नाहीत, थेट सांगितलं की जिवंतपणी कुणी नक्की सांगत असेल तर त्याच्याकडं पुन्हा जाऊ नका.

आता टोपी. कवटीत मेंदू पाण्यात असतो, दह्यासारखा मऊ. माझी माय पूर्वी दह्याचं गाडगं बैलगाडीतून बहिणीकडं न्यायची, चहूबाजूंनी गोधडी गुंडाळून. गाडगं कधी फुटलं नाही. दही मात्र दर वेळी मोडून पाणी सुटलेलं असायचं, कारण गाडी खड्ड्यात आदळली की गाडगं थांबतं, दही थांबत नाही. या टोपीचंही तेच. कातडी फुटणं, कान सोलणं, टेंगूळ येणं, यांना ती अडवते आणि चांगली अडवते. पुतण्याच्या भुवईवर गेल्या वर्षी तीन टाके पडले होते, यंदा एकही नाही. पण आतलं दही हलायचं ते हलतंच. डोकं पिळवटून फिरलं की जास्तच हलतं, आणि एक सेंटीमीटर फोम त्याला काय करणार?

हे माझ्या पदरचं नाही. रग्बीच्या पोरांवर या टोप्या घालून आणि न घालता अभ्यास झाले, कन्कशन कमी झालेलं दिसलं नाही. बॉक्सिंगवाल्यांनी तर २०१३ पासून मोठ्या पुरुषांच्या लढतींतून हेडगार्ड काढूनच टाकलं, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुष उघड्या डोक्यानं लढले. त्यांचं एक म्हणणं असं होतं की गार्ड घातलं की माणूस डोकं पुढं घालायला भीत नाही.

ते मी अंगणात पाहिलं. टोपी आल्यापासून पुतण्या झेपावताना हनुवटी छातीशी घेत नव्हता, सरळ टाळू पुढं. मी ओरडलो तर म्हणतो, "मोठेबाबा, हे हाय ना!"

मुलगी तर पाचव्याच दिवशी म्हणाली होती, बाबा, परत करा, दहा दिवसांची मुदत आहे. मी कॅलेंडरवर तारखेला गोल केला. दहाव्या दिवशी कॅलेंडर पाहिलं, गोल दिसला, कशाचा ते आठवेना. म्हटलं सिलिंडरचा असेल, म्हणून गॅस नोंदवला.

वापराचं म्हणाल तर: मधली साईज घेतली, पोराच्या डोक्याला नीट बसली, पण केस वाढले की वर सरकते. कानाला भोकं असल्यामुळं कप्तानाची हाक ऐकू येते. जानेवारीच्या रात्री उबदार, होळीनंतर डोक्यावर भट्टी. धुवायची तर सावलीत वाळवा, आमच्या उन्हात एकदा ठेवली तर एक बाजू कोहळ्याच्या सालीसारखी वळली. वास जात नाही. शिवण मात्र अजून एकही उसवलेली नाही. रेडरची बोटं नाडीत अडकतात, म्हणून नाडी आत खोचावी लागते. पंचानं पहिल्या सामन्यात दोनदा चाचपून पाहिली आणि हसून सोडून दिली.

आणि मग संक्रांतीनंतरचा सामना. तिसऱ्या मिनिटाला रेडर आणि आमचा कव्हर, म्हणजे कोपऱ्याच्या आतल्या बाजूचा गडी, दोघंही पुतण्यावर पडले. तो उठला. माती झटकली, मांडीवर थाप मारली आणि जाऊन उजव्या कोपऱ्यावर उभा राहिला. लोकांना काही दिसलं नाही, उलट टाळ्या पडल्या. मला पोटात खड्डा पडला. मी दोरीखालून आत गेलो, पंचानं शिट्टी मारली. मुलीनं शिकवलेले प्रश्न विचारले: आपण कोणत्या गावी आहो? आता स्कोर काय? मागची रेड कोणी मारली? गाव सांगितलं. स्कोर चुकला. मग मलाच विचारतो, "मोठेबाबा, लोण झाला का?" दोन मिनिटांनी पुन्हा, तसंच. मी त्याला हाताला धरून बाहेर आणलं.

मंडळाची पोरं माझ्यावर तुटून पडली. माइकवरचा म्हणाला, "मोठेबाबा स्वतःच उतरले मैदानात, मंडळी!" लोक हसले. पुतण्या रडत होता आणि एकच म्हणत होता, "टोपी व्हती ना डोक्यावर! टोपी व्हती ना!" मी तीन तारे देणार होतो, तिसरा तिथं गेला.

क्रिकेटमध्ये २०१९ पासून नियम आहे, डोक्याला लागलं तर बदली खेळाडू. स्टीव्ह स्मिथला लॉर्ड्सवर चेंडू लागला तेव्हा लाबुशेन आला, आपल्या जडेजाला कॅनबेराला लागलं तेव्हा चहल आला. विल पुकोव्हस्की हा ऑस्ट्रेलियाचा पोरगा आपल्याविरुद्ध सिडनीला एकच कसोटी खेळला, पहिल्या डावात ६२ केले, आणि पुन्हापुन्हा डोक्याला लागून २०२५ मध्ये सत्तावीस वर्षांच्या वयात त्याला खेळ सोडावा लागला. हेल्मेट तर त्याच्याकडं माझ्या पूर्ण वावरापेक्षा महाग असेल. गावच्या सामन्याला डॉक्टर नसतो, बदली खेळाडू मात्र असतात, बाकावर चार पोरं बसून वाट पाहत असतात. आयोजकांनी पंचाच्या हाती हे तीन प्रश्न दिले आणि जो चुकला त्याला त्या दिवशी आत सोडलं नाही, तर १,१४९ रुपये वाचतील. कारण पहिला मार भरून यायच्या आत दुसरा बसला तर पोरांच्या मेंदूला सूज येऊन जीवही जाऊ शकतो. क्वचित होतं, पण होतं.

त्या रात्री दर्यापूरला डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी सांगितलं: वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झटका, एका हातापायातलं बळ जाणं, बुबुळं लहानमोठी दिसणं, हाक मारून उठत नसणं, यातलं काहीही झालं तर थांबू नका, सरळ अमरावती गाठा. तसं काही झालं नाही. दोन दिवस घरात, मोबाइल जवळपास बंद. मग शाळा, मग चालणं, मग पळणं, मग नुसता पायांचा सराव, सगळ्यात शेवटी पकड. मधे एकदा पळताना डोकं दुखलं, तर पुन्हा एक पायरी मागं. चोवीस दिवस लागले. लहान पोरांना मोठ्यांपेक्षा जास्तच लागतात.

चोवीस दिवस माझा भाऊ माझ्याशी धड बोलला नाही. जिल्ह्याची निवड हुकली. एकदा ओट्यावर बसून म्हणाला, "दादा, तुह्यावाल्या टायमाले असं कुठं होतं? पडला की उठे, अन् खेळे."

मी काही बोललो नाही. माय आत तांदूळ निवडत होती. तिथूनच म्हणाली, "हाव. अन् चार खेपा जेवे."

टोपीची गंमत अजून आहे. शेजारच्या गावच्या एका बापानं अर्ध्या भावात मागितली, दिली नाही. पुतण्या आता घालत नाही, घोटा धरताना हनुवटी आत घ्यायचं मी त्याला रोज संध्याकाळी शिकवतो. आमच्या गोठ्याची चौकट ठेंगणी आहे, बापानं बांधली तेव्हाची, आणि ती ठेंगणी आहे हे मी महिन्यातून दोनदा तरी विसरतो. गेल्या आठवड्यात बायकोनं ती टोपी उलगडून चौकटीच्या वरच्या लाकडाला चार खिळ्यांनी ठोकली. मी म्हटलं, अगं, अकराशेची वस्तू! ती म्हणाली, "अवो, डोस्क्याले बांधाले विसरसान तुमी. ते बरं हाय तिथं." परवाच्या पहाटे धार काढायला जाताना आदळलो. फुटलं नाही.